हायब्रिडची बॅटरी थकली की मायलेज किती पडतं?

आजचा विषय एका श्रोत्याच्या ईमेलमधून आलाय. मुलगा सांगलीचा, सध्या टेक्ससमध्ये एमएस करतोय. तिथे त्याला २००८ ची टोयोटा प्रियस स्वस्तात मिळतेय. विकणारा म्हणतो, बॅटरी ओरिजिनल आहे आणि गाडी अजून गॅलनला ४४ मैल देते. नवी असताना या मॉडेलचा सरकारी आकडा ४६ होता. मग मायलेज एवढं चांगलं आहे म्हणजे बॅटरीही चांगलीच असणार ना, असा त्याचा प्रश्न आहे.

माझं उत्तर: तेवढ्यावरून काहीच कळत नाही.

आधी बॅटरी केवढी आहे ते बघू. २००४ ते २००९ च्या प्रियसमध्ये निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी आहे, साधारण १.३ युनिट क्षमतेची. म्हणजे दीड टनाचा एसी तासभर चालेल, एवढीच वीज. त्यातलीही गाडीचं सॉफ्टवेअर सगळी वापरू देत नाही. चार्ज साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवत ठेवतं. आपण फोन रोज शंभरवरून पाचवर आणतो, तसे हाल या बॅटरीचे होत नाहीत. त्यामुळे क्षमता थोडी घटली तरी पेट्रोलच्या हिशोबात ती दिसत नाही.

याचा एक पुरावा आहे, आणि तो मला फार आवडतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०११ मध्ये २००२ ची एक प्रियस आणून तपासली. २ लाख ६ हजार मैल झालेली, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या वर, आणि बॅटरी मूळचीच. मायलेज भरलं ४०.४. दहा वर्षांपूर्वी जवळजवळ नव्या प्रियसवर त्यांनीच घेतलेला आकडा होता ४०.६. फरक ०.२ चा!

मग बॅटरी थकते म्हणजे काय होतं? आतलं विरोधवाढलं की चार्ज पटकन भरल्यासारखा दिसतो आणि पटकन उतरतो. डॅशबोर्डवरच्या रेघा उतारावर झर्रकन वर जातात, आणि दोन सिग्नल होईपर्यंत खाली येतात. भरलेली दिसते म्हणून ब्रेकमधून मिळणारी वीज घ्यायला जागा उरत नाही. उतरली की ती चार्ज करायला उभ्या गाडीतही इंजिन चालू होतं. शहरात मायलेज पडतं ते इथे. हायवेवर एका वेगाने जाताना बॅटरीला फार काम नसतं, त्यामुळे तिथे थकलेली बॅटरीसुद्धा सहज लपून जाते.

आता पैशांचा हिशोब करू. समजा मायलेज ४६ वरून ४१ वर आलं. वर्षाला १२ हजार मैल चालवली तर जास्तीचं पेट्रोल लागतं सुमारे ३२ गॅलन. गॅलनला ३ डॉलर धरले तर शंभरच्या आत. नवीन बॅटरीचे २ हजार डॉलर धरा. नुसत्या पेट्रोलच्या बचतीतून ते फिटायला वीस वर्षं लागतील! पेट्रोल वाचवायला बॅटरी कोणी बदलत नाही. गाडी बंद पडते म्हणून बदलावी लागते. प्रियसला वेगळा स्टार्टर नाही, इंजिन फिरवायलाही हीच बॅटरी लागते.

आणि ती बंद कशी पडते, तर एका सेलमुळे. १६८ सेल, २८ मॉड्यूलमध्ये, सगळे एकाच माळेत. आम्ही सर्व्हरचं काम करणारे सरासरीवर विश्वास ठेवत नाही, कारण सिस्टिम नेहमी सगळ्यात हळू मशिनपाशी अडकते. इथेही तेच. मायलेज ही सरासरी आहे, बरं का. कमजोर सेल त्यात दिसत नाही.

तो बघायचा असेल तर ओबीडी पोर्टला लावायचा स्वस्त अडॅप्टर आणि प्रियसचा डेटा वाचणारं ॲप घ्या. गाडी १४ ब्लॉकचं व्होल्टेज वेगवेगळं दाखवते. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, मग ब्रेक मारा. सगळे आकडे एकत्र खालीवर झाले तर ठीक. एकच ब्लॉक बाकीच्यांपेक्षा व्होल्ट-सव्वा व्होल्ट खाली जात असेल, तर जपून. एका सेलचं व्होल्टेज १.२ असतं, त्यामुळे त्यातला एक सेल गेलाय असं समजायला हरकत नाही. अजून एक बघा: ॲपमध्ये मॉनिटर 'अपूर्ण' दिसत असतील, तर कोणीतरी नुकतेच एरर कोड पुसले असण्याची शक्यता आहे. पुसले असतील तर का, ते विचारा.

मागच्या सीटच्या बाजूची जाळीही बघून घ्या. बॅटरीचा पंखा तिथूनच केबिनमधली हवा ओढतो. कुत्र्याचे केस, धूळ अडकली की बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. टेक्ससच्या उन्हात तर विचारूच नका. आपल्याकडे हायक्रॉस किंवा हायरायडर घेतलेल्यांनीही बॅटरीची हवेची जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. तिच्यावर पिशव्या रचू नका.

तर मित्रा, ब्लॉक समान असतील तर घे गाडी. एखादा पडलेला दिसला आणि विकणारा म्हणाला, "एक मॉड्यूल बदलून देतो," तर ते मान्य करू नकोस. बाकीचे सत्तावीस त्याच वयाचे आहेत. पूर्ण बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांग. नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघ, टेक्ससमध्ये जुन्या प्रियसना तोटा नाही.