हाताला वळण लावणारी पुस्तके

मी शब्दांत रमणारा माणूस. चित्र काढता येत नाही. पण चित्रकलेची पुस्तके वाचण्याचा नाद जुना आहे. पुस्तकावरून चित्रकला शिकता येते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तरादाखल मी व्हॅन गॉगची हकीकत सांगतो.

१८८० साली तो २७ वर्षांचा होता. गूपिल या चित्रविक्रीच्या पेढीतली नोकरी सुटलेली, धर्मोपदेशकाचे कामही गेलेले. बेल्जियममधल्या कोळसा खाणींच्या मुलखात राहून त्याने शार्ल बार्ग याचे चित्राभ्यासाचे तक्ते उसने मागवले. ते छापले होते गूपिलनेच! कोळशाच्या कांडीने काढायच्या त्यातल्या ६० आकृत्या त्याने पुनःपुन्हा उतरवल्या. पुढे १८९० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, स्वतःची शैली पक्की झालेली असतानाही तो त्या तक्त्यांकडे परत वळला. २००३ साली बार्गचे तक्ते पुस्तकरूपाने पुन्हा निघाले. प्रमाण शिकावे ते त्यातून.

पण दुसऱ्याचे चित्र किती दिवस उतरवणार? तिथे किमोन निकोलाइडिस भेटतो. ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ हे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ साली आले. त्यातला एक अभ्यास असा: नजर कागदावर न ठेवता वस्तूच्या कडेवर ठेवायची आणि डोळा सरकेल तशी पेन्सिल सावकाश सरकवायची. चित्र वेडेवाकडे येते, पण बघणे सुधारते. खर्च एका पेन्सिलीचा.

आमच्या मोहल्ल्यात पाट्या रंगवणाऱ्याचा एक मुलगा आहे. फ्लेक्स आला आणि बापाचा कुंचला वाळला. कला महाविद्यालयाची फी त्या घराला झेपणारी नाही. त्याला मी म्हटले, "बेटा, रेघ अब्बांकडून शीक, बघायला या पुस्तकांतून शीक." आणि चित्र मुळात सुचते कसे, हे मराठीतून वाचायचे तर प्रभाकर बरवे यांचे १९९० सालचे ‘कोरा कॅनव्हास’ आहे.

मात्र चित्रांची पुस्तके महाग असतात. म्हणून माझी विनंती वाचनालयांना आहे. कादंबऱ्या जरूर घ्या, पण वर्षाकाठी एखादे चित्रकलेचे पुस्तकही घ्या. आणि ते काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका. कोळशाने काळवंडलेल्या बोटांचे ठसे त्याच्या पानांवर उमटले, तर पैसे वसूल झाले असे समजा.