ओट्यावरचं आणि फडताळातलं

बचत गटाचा हिशोब आता आपण संगणकावर लिहू लागलो. लिहिता लिहिता वीज गेली, तर काय राहतं आणि काय जातं, ते आज पाहू.

संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. पहिली रॅम. ती स्वयंपाकाच्या ओट्यासारखी: चालू कामापुरतं मांडलेलं, हाताशी, झटपट. पण रॅममधली माहिती म्हणजे सूक्ष्म विद्युतभार. वीज असेपर्यंतच तो टिकतो. दुसरी हार्ड डिस्क, म्हणजे आपलं फडताळ. तिथे माहिती चुंबकीय खुणांनी लिहिली जाते, म्हणून वीज गेली तरी राहते. फडताळ मोठं, पण काढ-घाल करायला वेळ लागतो. रॅम ८ जीबी, तर डिस्क ५०० जीबी असू शकते.

पडद्यावरची नवी नोंद आधी ओट्यावरच असते. 'सेव्ह' केलं की फडताळात जाते. म्हणून दर चार-पाच नोंदींनंतर कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबूया. डिस्कही कधी बिघडते. तेव्हा महिनाअखेरीस एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन सचिवताईंकडे ठेवूया. पोटाला चिमटा काढून हप्ता भरलेल्या बाईला 'तुमची नोंद सापडत नाही' असं सांगायची वेळ आपल्यावर येऊ नये.