‘बाजी’: पहिल्या डावातले भिडू

१९५१ साली हिंदी पडद्यावर दोन नायक गुन्हेगारीच्या वाटेने आले. राज कपूरचा ‘आवारा’ आणि देव आनंदचा ‘बाजी’. खलनायक दोन्हीकडे के. एन. सिंगच. ‘आवारा’तल्या नायिकेचा पालक न्यायाधीश आहे, त्याची चूक मोठी असली तरी तो कायद्याच्या बाजूचा माणूस आहे. ‘बाजी’ने ती सोय ठेवली नाही. दवाखाना चालवणाऱ्या नायिकेचे, रजनीचे, प्रतिष्ठित वडीलच जुगारी अड्ड्याचे मालक निघतात. शहरातला सभ्यपणा आणि शहरातली टोळी एकाच घरात राहतात, असे हा चित्रपट सांगतो. गुरुदत्त यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट होता. त्यांच्याच नंतरच्या ‘प्यासा’पुढे ‘बाजी’ला हलका समजण्याची सवय पडली आहे, पण ‘प्यासा’तला प्रतिष्ठितांविषयीचा संताप या जुगारी क्लबाच्या बंद दारामागे आधीच दिसू लागतो.

हा चित्रपट मुंबईत घडला, पण त्याची सोयरीक पुण्यात जुळली होती. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ‘प्रभात’ ही चित्रसंस्था पुढे पुण्याला आली. तिथे विश्राम बेडेकरांच्या ‘लाखाराणी’वर गुरुदत्त साहाय्यक होते आणि ‘हम एक हैं’साठी नृत्यदिग्दर्शन करत होते. ‘हम एक हैं’ हा देव आनंद यांचा पहिला चित्रपट. धोब्याकडे दोघांचे कपडे अदलाबदल झाले, त्यातून ओळख झाली आणि शब्द दिला गेला: देव निर्माता झाला तर दिग्दर्शन गुरुदत्तचे, गुरुदत्त निर्माता झाला तर नायक देव. हा किस्सा अनेकांनी अनेकदा सांगितला आहे. महत्त्वाचे हे, की दोघांनीही शब्द पाळला. देव आनंद यांच्या नवकेतन संस्थेचा दुसरा चित्रपट जेमतेम पंचविशीतल्या गुरुदत्तांकडे आला.

मधल्या वर्षांत गुरुदत्तांनी अमिय चक्रवर्ती आणि ज्ञान मुखर्जी यांच्या हाताखाली उमेदवारी केली होती. ज्ञान मुखर्जी म्हणजे ‘किस्मत’चे दिग्दर्शक. पाकीटमाराला नायक करून त्याच्यावर प्रेक्षकांना जीव लावायला शिकवणारा तो १९४३चा चित्रपट. ‘बाजी’चा नायक मदन त्याच वंशातला आहे. आजारी बहिणीच्या उपचारासाठी तो स्टार क्लबात पत्ते हाताळायला लागतो. पटकथा होती बलराज साहनींची. गरिबी माणसाला कुठे नेते, हे त्यांनी भाषणबाजी न करता कथेतच मुरवले.

साहनींनी आणखी एक देणगी दिली. बस कंडक्टरचे काम करणाऱ्या बद्रुद्दीन काझी नावाच्या तरुणाला त्यांनी नवकेतनच्या कचेरीत दारुड्याची बतावणी करायला लावली. ती इतकी खरी वाटली की भूमिका तिथेच ठरली. पुढे हाच जॉनी वॉकर. कॅमेऱ्यामागे व्ही. रात्रा होते, आणि त्यांच्या हाताखाली म्हैसूरकडचे व्ही. के. मूर्ती. आरशातल्या प्रतिबिंबावरून नायकाचा पाठलाग करत जाणारा एक अवघड शॉट मूर्तींनी स्वतः चालवून दाखवला. पुढच्या ‘जाल’ चित्रपटापासून गुरुदत्तांचा कॅमेरा त्यांच्याकडे गेला. दिग्दर्शनाच्या साहाय्यकांत राज खोसलाही होते. हा पहिला डाव म्हणजे एक शाळाच होती, आणि तिथे शिकवणारेही शिकणारेच होते.

संगीत सचिनदेव बर्मन यांचे. साहिर लुधियानवींची एक गझल त्यांनी गिटारच्या ठेक्यावर क्लबातले गाणे म्हणून बांधली. भजने आणि विरहगीते गाणाऱ्या गीता रॉय यांच्या आवाजातली मादक खोडी इथे प्रथम ठळकपणे ऐकू आली. याच गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी गुरुदत्त आणि त्या भेटले. १९५३ साली लग्न झाले. आणखी एका गाण्यात क्लबातली नर्तकी झालेली गीता बाली नाचता नाचता नायकाला धोक्याची सूचना देते. गाणे थांबवले तर कथाच अडेल, अशी ही रचना आहे. हिंदी चित्रपटातले गाणे कथेत कसे विणावे, याचा गुरुदत्तांनी दिलेला हा पहिला धडा, आणि तोही एका गुन्हेगारपटात.

बर्मन यांचा एक साहाय्यक आपल्या गोव्याचा होता. फोंड्यात चित्रपटसंगीताचा विषय निघाला की जवळच्या मंगेशीचे नाव येते, ते साहजिकच आहे. पण या साहाय्यकासाठी पेडणे तालुक्याकडे वळायला हवे. कोलवाळजवळच्या आरोबा गावात १९२७ साली दत्ता नाईक जन्मले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून त्यांनी लहान वयात मुंबई गाठली. मुंबईच्या वाद्यवृंदांत तेव्हा अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशी गोव्याची माणसे होती. दत्ता नाईक बर्मन यांचे साहाय्यक झाले. १९५१च्या ‘सजा’त आणि पुढच्या वर्षी गुरुदत्तांच्या ‘जाल’मध्येही. त्यांचे नाव एन. दत्ता म्हणून सर्वांना ठाऊक झाले, पण ते कुठले, हे आपल्याकडेच पुरेसे सांगितले जात नाही, याची खंत वाटते.

कारण ‘बाजी’ची मंडळी पुढे पांगली, तेव्हा त्यांतले धागे या पेडणेकराच्या हाती आले. राज खोसलांनी १९५५ साली ‘मिलाप’ हा पहिला चित्रपट केला. नायक देव आनंद, नायिका गीता बाली, गीते साहिरची आणि संगीत एन. दत्तांचे. साहिरशी जमलेली ही जोडी ‘साधना’त टिपेला पोहोचली. १९५९ साली यश चोप्रा ‘धूल का फूल’ने दिग्दर्शक झाले, तिथेही संगीत एन. दत्ताच. आणि १९६७ साली राजदत्त यांनी ‘मधुचंद्र’ हा आपला पहिला मराठी चित्रपट केला, तेव्हा चाली मागितल्या त्या याच आरोबेकराकडे.