तिसऱ्या चढाईचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुणतांबा म्हटलं की कुणाला गोदाकाठची चांगदेव महाराजांची समाधी आठवते, तर कुणाला १ जून २०१७ रोजी इथून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप. रेल्वेनं जाणाऱ्यांना शिर्डीचा फाटा फुटतो ते जंक्शन आठवतं. मला आठवतं ते इथलं कबड्डीचं मैदान. तिथं माझ्या हातून एक चूक झाली. खेळताना नव्हे, हिशेब करताना.

मी काही वर्षं गावातल्या मुलांच्या संघाचा गुणलेखक होतो. प्रत्येक सामन्याची वही ठेवायची, वर्षाच्या शेवटी बेरीज करायची आणि संघ निवडताना ती बेरीज समोर ठेवायची, असा माझा शिरस्ता. संघात बारा जण घ्यायचे असतात. एका वर्षी अकरा नावं ठरली आणि बाराव्या जागेसाठी दोन चढाईपटू उरले. मी वही उघडली. सोयीसाठी आकडे गोल करून सांगतो. पहिल्याच्या १०० चढायांत ४८ गुण होते, दुसऱ्याच्या ६० चढायांत २४. नुसत्या बेरजेत पहिला पुढे होताच. चढाईमागे सरासरी काढली तरी पहिल्याचे ०.४८ आणि दुसऱ्याचे ०.४० गुण. आता आणखी काय पाहायचं? पहिल्याचं नाव लिहिलं आणि वही मिटली. दुसऱ्या मुलानं काही तक्रार केली नाही. हळूहळू त्यानं मैदानावर येणं सोडलं.

पुढं १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदाच विजेतेपद मिळवलं. कर्णधार होता आपल्याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार. साहजिकच आमच्याकडे सगळे टीव्हीसमोर बसले होते. त्या हंगामात सर्वाधिक चढाई-गुण मिळवणाऱ्यांत आशू मलिक आणि अर्जुन देशवाल ही नावं आघाडीवर होती. त्यांतला एक दिल्लीचा, दुसरा जयपूरचा. पलटणचा एकही गडी तिथं शिखरावर नव्हता. तरीही साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकून आणि केवळ २ हरून पलटणच अव्वल राहिली होती. हे कसं?

एक तर त्यांची पकड भक्कम होती. इराणचा मोहम्मदरेझा शादलू त्या हंगामाचा सर्वोत्तम पकडपटू ठरला. पण आक्रमणाचंही एक गणित होतं. अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी चौघांची फळी होती. अंतिम सामन्यात सर्वाधिक ९ गुण मिळवले ते कर्णधारानं नव्हे, पंकजनं. एकाच चढाईपटूवर विसंबलेल्या संघाचा तो गडी बाद होऊन बाहेर बसला की गुणांचा झरा आटतो. म्हणून दोन संघांच्या आक्रमणाची तुलना करायची तर मुख्य चढाईपटूचे गुण मोजून भागत नाही. तो बाहेर असताना उरलेल्यांनी चढाईमागे किती गुण आणले, हे पाहावं लागतं. मुख्याची मुख्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी, तिसऱ्याची तिसऱ्याशी तुलना करायची, आणि मग अख्ख्या फळीची फळीशी.

ही रीत अमेरिकेतल्या लोकांनी त्यांच्या फुटबॉलमध्ये फार पुढं नेली आहे. त्यांचा फुटबॉल आपल्यापेक्षा निराळा. चेंडू हातात घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. पूर्वी कुणी किती यार्ड काढली एवढंच मोजत. मग लक्षात आलं, की तिसऱ्या प्रयत्नात दोन यार्ड हवी असताना काढलेली तीन यार्ड आणि दहा हवी असताना काढलेली तीन यार्ड यांची किंमत एक नाही. पहिल्या वेळी काम फत्ते, दुसऱ्या वेळी सगळं वाया. दुसरी गोष्ट अशी, की पळणाऱ्यापुढं पाच धिप्पाड गडी वाट मोकळी करत असतात. ते चेंडू घेऊन पळत नाहीत, म्हणून जुन्या तक्त्यात त्यांच्या नावापुढं काहीच नसे. आता धावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचा पहिला धक्का लागण्याआधी किती यार्ड मिळाली आणि नंतर किती, हे वेगळं मोजतात. आधीच्या यार्डांचं श्रेय बरंचसं त्या पाच जणांचं, नंतरच्यांचं बरंचसं पळणाऱ्याचं. अशी प्रत्येक गटाची कामगिरी वेगळी काढली, की कुठला संघ कशाच्या जोरावर उभा आहे ते कळतं.

आपल्या कबड्डीतही असा तिसरा प्रयत्न आहे. संघाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरी चढाई ‘करो या मरो’ची. तीत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. समोरच्यांना हे ठाऊक असतं. ते अंगावर येत नाहीत, मागं सरकून वाट पाहतात. तीस सेकंद सरत जातात आणि चढाईपटूलाच खोल शिरावं लागतं. तिथं कोपरारक्षक घोट्यावर टपलेला असतो. समोर किती गडी आहेत, हाही प्रश्न असतोच. सहा किंवा सात असतील तर बोनसची संधी असते, पण घेरलं जाण्याचं भयही जास्त. तीन किंवा त्याहून कमी असतील तर बोनस नाही, आणि पकडला गेलात तर अव्वल पकडीचे दोन गुण समोरच्यांना. म्हणजे वहीत ‘एक चढाई’ असंच लिहिलं जात असलं, तरी चढाई चढाईत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तो अंतिम सामना पाहिल्यावर मी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. सुदैवानं मी चढायांचा क्रम लिहिलेला होता. प्रत्येक चढाई साधी की तिसरी, अशी खूण करत गेलो. चार-पाच रात्री त्यात गेल्या. निघालं ते असं. पहिल्या मुलाच्या १०० चढायांपैकी ९० साध्या होत्या, त्यांत ४५ गुण, म्हणजे चढाईमागे ०.५०. उरलेल्या १० तिसऱ्या चढायांत ३ गुण, म्हणजे ०.३०. दुसऱ्या मुलाला साध्या चढाया मिळाल्या फक्त २०, त्यांत ११ गुण, म्हणजे ०.५५. आणि तिसऱ्या चढाया तब्बल ४०, त्यांत १३ गुण, म्हणजे ०.३२ च्या वर.

श्रोतेहो, आकडे पुन्हा एकदा पाहा. साध्या चढाईत दुसरा पुढं. तिसऱ्या चढाईतही दुसराच पुढं. आणि दोन्ही एकत्र केल्या की तो मागं! यात कुठं बेरीज चुकलेली नाही. त्याच्या वाट्याला अवघड चढाया जास्त आल्या, एवढंच. सांख्यिकीत हा प्रकार ‘सिम्प्सनचा विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. पुस्तकात तो गमतीदार वाटतो. स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात सापडला तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही.

इथं एक सावधगिरी सांगायला हवी. वीस काय किंवा दहा काय, इतक्या थोड्या चढायांवरून हा श्रेष्ठ नि तो कनिष्ठ असा निवाडा करता येत नाही. एखाद-दुसऱ्या गुणानं चित्र पालटू शकतं. दुसरा मुलगा नक्कीच सरस होता, असं मी आजही म्हणणार नाही. पण तो कमी होता, असं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. आणि मी तेच म्हटलं होतं.

तो मुलगा आता ट्रॅक्टरवर असतो, हंगामात ऊस वाहतो. एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा दिसला, तेव्हा थांबलो. वही दाखवली, हिशेब समजावला. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाला, “सर, तिसऱ्या चढाईला तुम्हीच तर पाठवायचे मला. म्हणायचे, तू जा, तू घाबरत नाहीस.”

खरं होतं. संघ अडचणीत आला की मीच मैदानाबाहेरून त्याचं नाव घेऊन ओरडत असे. अवघड काम त्याला द्यायचं, आणि वर्षाच्या शेवटी सोप्या कामाच्या मापानं त्याला मोजायचं, असा तो न्याय होता. मी माफी मागितली. तो हसला, “चालायचंच सर” म्हणाला आणि ट्रॅक्टर सुरू करून निघून गेला.

आमच्या चांगदेवांची कथा आपल्याला ठाऊक आहेच. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, आणि त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. निष्फळ चढाई मला आता तशी वाटते. वहीत तिथं शून्य असतं, पण ते कोणत्या वेळचं आणि कुणापुढचं, हे वाचणारा हवा.

गावोगावच्या गुणलेखकांना म्हणून एवढंच सांगणं आहे. यासाठी संगणक लागत नाही. वहीत चार रकाने जास्त आखा : चढाई साधी की तिसरी, समोर गडी किती, आपला मुख्य चढाईपटू आत की बाहेर, आणि गडी सुखरूप परतला की बाद झाला. वर्षाच्या शेवटी बेरीज जरूर करा. पण सारख्याची बेरीज सारख्याशी करा. बाराव्या जागेवर कुणाचं नाव लिहायचं, हे त्यावर ठरतं, आणि ते नाव एकदा वगळलं की पुन्हा मैदानावर येईलच असं नाही.