घरच्या चटणीला कसला परवाना?

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी सिकंदराबादला, सैनिकपुरीत घर केलं. त्या घरातून आता चटण्या, भाजणी आणि दिवाळीचा फराळ विकला जातो. करते बायको. मी वजन करतो, पाकिटं बंद करतो, हिशेब ठेवतो. म्हणजे निवृत्तीनंतर मी क्वार्टरमास्टर झालोय, आणि तोही हाताखाली एकही जवान नसलेला!

सुरुवात झाली २०२० च्या टाळेबंदीत. पुण्या-नागपूरची आयटीतली मुलं हैदराबादेत अडकलेली, घरचं खायला आसुसलेली. एकीला चटणी दिली, तिने मैत्रिणीला सांगितलं, आणि बघता बघता आठवड्याला वीस-पंचवीस ऑर्डरी येऊ लागल्या. एक शेजारी म्हणाले, "कर्नलसाहेब, नोंदणी करून घ्या." मी उडवून लावलं. म्हटलं, आम्ही काय कारखाना टाकलाय? चार पैसे सुटतात, हौस आहे. घरच्या चटणीला कसला परवाना?

आता गंमत बघा. हेच मी नोकरीत काय करत होतो? लंगरमधलं जेवण जवानांच्या ताटात पडण्याआधी ऑर्डरली ऑफिसर ते चाखतो आणि वहीत सही करतो. स्वयंपाक्यांची नखं बघायची, त्यांची वैद्यकीय तपासणी झाली का ते विचारायचं, पाण्यात क्लोरिन किती ते बघायचं. मी शेकडो वेळा सही केली असेल. तिथे कधी म्हटलं नाही, की आपलेच स्वयंपाकी आहेत, सही कशाला? स्वतःच्या घरात मात्र अक्कल गहाण ठेवली.

त्या दिवाळीत फोन आला. आमच्याकडून नेहमी माल नेणारी मुलगी, आवाज कापत होता. "काकू, खोबऱ्याच्या चटणीत शेंगदाणे होते का?" बायको म्हणाली, "नाही गं, एक दाणासुद्धा नाही." तिच्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. ओठ सुजलेले, अंगभर गांधी, श्वास लागलेला. ते हॉस्पिटलमधून बोलत होते आणि डॉक्टर विचारत होते, पोटात काय गेलंय.

फोन ठेवला आणि बायको ओट्यापाशी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, सकाळी त्याच भांड्यात दाण्याची चटणी वाटली होती." भांडं पुसलं होतं, धुतलं नव्हतं. लगेच उलटा फोन लावला, खरं ते सांगितलं. ती रात्र कशी गेली ते मी इथे सांगत बसत नाही. मुलगा दोन दिवसांनी घरी आला.

पाकिटावर आमचं एक अक्षर नव्हतं. त्या आईने वाचायचं तरी काय?

जानेवारी २०२१ मध्ये आम्ही नोंदणी केली. कायदा २००६ चा आहे, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा. त्यात 'अन्न व्यवसाय' म्हणजे काय हे सांगताना नफा असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे माझी 'हौस' तिथेच निकालात निघाली. आम्ही अर्ज केला तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना पूर्ण परवाना लागत नव्हता, नुसती नोंदणी पुरत होती. फी वर्षाला १०० रुपये, पाच वर्षांचे ५०० भरले. 'फॉस्कॉस' या सरकारी पोर्टलवर अर्ज, एक फोटो, एक ओळखपत्र. बस्स, एवढ्यासाठी मी टाळाटाळ करत होतो. मर्यादा आणि फी सरकार बदलत असतं, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघा, माझा धरून चालू नका. नोंदणीचा क्रमांक चौदा आकडी असतो. तो पाकिटावर छापायचा, आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही.

क्रमांक मिळाला की काम संपलं असं समजणारे पुष्कळ भेटतात. खरं काम लेबलचं. घटक पदार्थ उतरत्या क्रमाने, म्हणजे जे सर्वांत जास्त ते आधी. वजन, किंमत, बॅच, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, आपलं नाव-पत्ता, शाकाहाराचा हिरवा ठिपका. आणि ॲलर्जीचं स्वतंत्र: शेंगदाणा, सुकामेवा, दूध, गहू, सोयाबीन, अंडी, मासे. पदार्थात घातलं नसेल पण त्याचा अंश मिसळू शकत असेल, तर 'असू शकतो' असं लिहायचं. २०२० च्या लेबल नियमांत हे आहे. आमची नेमकी चूक ती होती. गरम डबा हातात देणाऱ्यांना पाकिटाचं हे सगळं लागू नाही, पण गिऱ्हाइकाला ॲलर्जी आहे का हे विचारायला पैसे पडत नाहीत.

स्वच्छतेचे नियम वेगळे आहेत, त्यातल्या दोन गोष्टींवरून आमच्या घरात भांडणं झाली. एक, वर्तमानपत्र. चकल्या तळल्या की पेपरवर पसरायच्या, ही आमच्या दोघांच्याही आयांची पद्धत. छपाईची शाई तेलाबरोबर पदार्थात उतरते, म्हणून २०१८ च्या नियमांनी ते बंद केलंय. दुसरं तळणीचं तेल. त्यात तयार होणाऱ्या घातक घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा आहे. घरात ते मोजायचं यंत्र कुठून आणणार? म्हणून आम्ही ठरवलं, विकायच्या फराळाला ताजं तेल, उरलेलं दुसऱ्या घाण्याला नाही. बायको म्हणाली, "दिवाळं निघेल." निघालं नाही. चकलीचा भाव वाढवला, चार गिऱ्हाइकं तुटली.

आणि आमच्या मदतनीस बाई. त्यांना ताप किंवा जुलाब असतील तर त्या दिवशी पदार्थाला हात लावायचा नाही, पण पगार कापायचा नाही. हे दुसरं वाक्य नियमात नाही, माझं आहे. पगार कापला तर माणूस आजार लपवतो, हे मी लंगरमध्ये पाहिलंय.

त्या मुलाच्या आईने आमच्याकडून नंतर कधी काही घेतलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आता दाण्याच्या चटणीचं भांडं वेगळं आहे. झाकणाला लाल रंग, जागा सगळ्यांत वरच्या फळीवर. मागच्या महिन्यात मेहुणी आली होती, तिने त्यात ओलं खोबरं वाटायला घेतलं. मी बाहेरच्या खोलीतून असा ओरडलो, की बिचारीच्या हातातलं झाकण खाली पडलं.