रुप्याचे नाव आणि खाणीची पारख



चंडीगढ हे नाव चंडीदेवीवरून पडले आहे. चांदीशी त्याचा संबंध नाही. हे शहरही गाळाच्या जमिनीवर वसलेले आहे, धातुयुक्त खडकांवर नव्हे. तरीही चांदीच्या शोधाविषयी बोलण्यास हे ठिकाण गैरसोयीचे नाही. येथून उत्तरेस हिमालयात कुलूचे खोरे आहे, तर दक्षिणेस दूरवर राजस्थानातील भिलवाडा जिल्हा. या दोहोंची कथा शेजारी ठेवली म्हणजे शोधाचे मर्म ध्यानात येते.

कुलूतील एक मुलूख वजीरी रूपी या नावाने ओळखला जाई. त्या नावातच रुपे आहे. जॉन कॅल्व्हर्ट यांनी 1873 साली त्याच्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याला हिमालयातील चांदीचा देश म्हटले. परंतु पुढे तेथे आधुनिक पद्धतीची मोठी खाण काही उभी राहिली नाही.

भिलवाड्यातील रामपुरा आगुचा या स्थळाच्या नावात रुपे नाही. तेथे होता तो गंजल्यासारखा तांबूस खडक आणि प्राचीन खाणकामाच्या खुणा. गंधकयुक्त खनिजे हवापाण्याने कुजली की असा लोहमय खडक मागे उरतो. 1977 साली राजस्थानच्या भूवैज्ञानिकांनी या खुणांचा अर्थ लावला. 1991 मध्ये खाण सुरू झाली आणि जगातील मोठ्या जस्त-खाणींत तिची गणना होऊ लागली. तिच्या धातुकात शिशाबरोबर चांदीही आहे. भारतात आज मिळणारी बहुतेक चांदी अशीच, शिसे व जस्त गाळताना जोडीने हाती येते.

मग जमिनीची पारख करावयाची कशी? प्रथम खडकांचा नकाशा काढतात. ओढ्यातील गाळाचे व मातीचे नमुने तपासतात, चर खणतात. आशा वाटली तरच यंत्राने खोल भोके पाडून खडकाच्या कांड्या वर काढतात. टनभर खडकात 100 ग्रॅम चांदी असली, तरी ते प्रमाण दहा हजारांत एक एवढेच असते. डोळ्यांना ते दिसत नाही. एखादी कांडी समृद्ध निघाली म्हणून साठा सिद्ध होत नाही. शेजारच्या भोकांतही तोच थर लागावा लागतो. त्याची जाडी, खोली आणि प्रत जुळावी लागते.

यातील प्रत्येक भोकाला पैसा लागतो, आणि तो पुष्कळदा जनतेचा असतो. वरच्या जमिनीवर कुणाचे शेत असते, कुणाचे घर असते. म्हणून ‘येथे खाण होणार नाही’ असे वेळीच सांगणे हेही भूवैज्ञानिकाचे यशच समजले पाहिजे. नाव ऐकून खणू नये आणि नाव नाही म्हणून सोडू नये. शेवटचा शब्द खडकाचा असतो.