नियतकालिक जगते ते वर्गणीवर

(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘आपली नियतकालिके आणि आपला समाज’ या विषयावर बोलावे, असे संस्थेने आम्हांला सांगितले. आम्ही साहित्यिक नाही. बँकेत कारकुनी करतो, जमा-नावे लिहितो. कला शाखेत शिकलो म्हणून वाचनाची गोडी लागली, इतकेच. तेव्हा आज साहित्याची चर्चा थोडी करू आणि हिशेबाची अधिक करू.

आपले बल्लारपूर हे कागदाचे गाव. १९४५ साली इथे पेपर मिलची स्थापना झाली. चांदा-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू इथे आला आणि आपल्या वाडवडिलांनी पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी करून त्याचा कागद केला. परंतु कागद करणे वेगळे आणि त्या कागदावर आपले म्हणणे छापून आणणे वेगळे. हे दुसरे काम आपल्या समाजाला फार महाग पडले आहे.

त्याचा इतिहास विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. १९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ काढले. आपल्या विदर्भात किसन फागोजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी एकामागून एक पत्रे चालविली. एक बंद पडले की दुसरे काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ सुरू झाले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेही १९२९ मध्ये थांबले. अंकाचे रकानेच्या रकाने स्वतः लिहून, मोबदला न घेता, बाबासाहेबांनी ते चालविले होते. समाजावर या पत्राचे ऋण आहे की नाही, असा सवाल त्यांना १९२८ साली आपल्याच वाचकांना विचारावा लागला. एवढा मोठा संपादक, आणि त्याचेही पत्र वर्गणीवाचून अडले, यावर आपण विचार करावा. पुढे १९३० साली ‘जनता’ आले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

ही झाली चळवळीची मुखपत्रे. कविता, कथा, आत्मकथन, समीक्षा यांना हक्काची जागा मिळाली ती औरंगाबादच्या नागसेनवनात. (आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे.) बाबासाहेबांनी १९५० साली उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात खेड्यापाड्यांतून आलेली मुले लिहू लागली होती. प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले होते. तिथल्या काळ्या लेखकांचे साहित्य त्यांनी या मुलांपुढे ठेवले. अशा वातावरणात १९६७ साली ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव ‘अस्मितादर्श’ झाले. संपादक होते डॉ. गंगाधर पानतावणे, आपल्या नागपूरचे सुपुत्र.

पानतावणे सरांनी जवळजवळ अर्धे शतक हे त्रैमासिक चालविले. त्यांच्यामागे भांडवलदार नव्हता, मोठे छापखाने नव्हते. मास्तरकी सांभाळून मजकूर तपासायचा, प्रुफे वाचायची, गठ्ठे बांधून पोस्टात टाकायचे, असा हा संसार. अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे गावोगावी भरले. लेखक आणि वाचक यांना एकाच मांडवात बसविण्याची ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि मराठी वाचक हादरला. परंतु असे लेखन समजून घेणारा वाचक एका दिवसात तयार होत नाही. ‘बलुतं’ येण्यापूर्वी दहा वर्षे हे त्रैमासिक घरोघरी जात होते, हे विसरून चालणार नाही. २००९ साली अमेरिकेतील सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सरांना मिळाले. २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला ते गेले.

आता हिशेबाकडे येतो. असे नियतकालिक बहुधा लेखकांवाचून मरत नाही, ते थकबाकीने मरते. कागद, छपाई, बांधणी, टपाल यांचा खर्च अंक निघण्याआधी करावा लागतो. वर्गणी मात्र अंक हाती पडल्यावर, आठवण झाली तर येते. पूर्वी नियतकालिकांत एक सूचना छापलेली असे: परगावचा चेक असल्यास वटणावळीची रक्कम जास्त पाठवावी. कारण चेक वटवून घेण्याचा खर्च वर्गणीतूनच कापला जाई. आमच्यासारख्या काउंटरवरच्या माणसाला ती एक ओळ वाचून संपादकाची ओढाताण कळत असे.

दुसरी गोष्ट आजीव वर्गणीदाराची. आपल्याला वाटते, एकरकमी पैसे भरले, मोठे उपकार केले. हिशेबाच्या भाषेत मात्र ते संपादकाच्या डोक्यावरचे देणे असते. आलेली रक्कम एखाद्या अंकाच्या छपाईत संपते आणि अंक मात्र आपल्याला जन्मभर पाठवायचा असतो. दर साली भाव वाढतात, आपली वर्गणी तीच राहते. म्हणून आजीव वर्गणीदारानेही दिवाळी अंकाच्या वेळी काही रक्कम आपण होऊन पाठवावी. ती देणगी समजू नये, तो आपल्या वाट्याचा खर्च आहे.

कोणी म्हणेल, आता सारे मोबाईलवर वाचायला मिळते, छापील अंक कशाला? मोबाईलवर जरूर वाचावे. आमची मुलेही तिथेच कविता लिहितात आणि चांगल्या लिहितात. पण कविता पाठविली की शंभर अंगठे वर होतात, आणि ‘ही ओळ कच्ची आहे, पुन्हा लिही’ असे सांगणारा कोणी नसतो. संपादक ते सांगतो. नवलेखकाला साभार परत आलेल्या कवितेइतका उपयोगी शिक्षक नाही.

आपला जिल्हा या बाबतीत दरिद्री नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे याच मातीतले. पहिले आदिवासी साहित्य संमेलन १९७९ साली आपल्याच भद्रावतीला भरले. जंगलातल्या माणसानेही आपले शब्द स्वतः लिहावेत, हा विचार इथे रुजला आहे. शेजारच्या गोंडी बोलणाऱ्या मित्राची कविता आपल्या अंकात आणि आपली त्याच्या अंकात आली पाहिजे.

आता एक निकडीची गोष्ट. आपल्या वस्तीत मिलमधून, रेल्वेतून, कोळसा खाणींतून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांच्या लोखंडी पेट्यांत आणि माळ्यावर जुने अंक, स्मरणिका, संमेलनांची पत्रके पडून आहेत. म्हातारा माणूस जातो, घराची रंगरंगोटी निघते आणि ती पेटी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. रद्दी किलोच्या भावाने जाते, त्यात आपला इतिहास किती गेला हे काटा सांगत नाही. मोठ्या ग्रंथालयांनी हे सारे जपले असेल, अशा भरवशावर आपण राहू नये.

म्हणून संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. एक, संस्थेने दर साली निदान पाच नियतकालिकांची वर्गणी आगाऊ भरावी आणि जयंतीच्या अंदाजपत्रकात तिची वेगळी रक्कम धरावी. मंडप आणि वाद्यांचा खर्च आधी लिहून उरल्यासुरल्यातून वर्गणी देऊ नये. दोन, विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत घरोघर जाऊन जुन्या अंकांची यादी करावी. ज्यांना अंक द्यायचे नाहीत, त्यांच्याकडून मागून घ्यावेत, फोटो काढून परत करावेत. जे देतील त्यांचे बांधून घ्यावेत आणि देणाऱ्याचे नाव पहिल्या पानावर लिहावे. तीन, महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विहारात एखादा अंक मोठ्याने वाचावा. ज्या आयाबायांना शाळा मिळाली नाही, त्यांचाही या लेखनावर हक्क आहे. किंबहुना त्यांच्याविषयीच ते अधिक आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. वहीत एक वेगळे पान काढावे लागेल. ते पान लिहून ठेवण्याचे काम संस्थेने सोपविल्यास आम्ही आनंदाने करू, कारण तेवढे काम आम्हांला येते.

एवढे बोलून आमचे चार शब्द पुरे करतो.

जयभीम! नमो बुद्धाय!